स्टिअरिंगची खडखड ते एमओटी पास : रेडिंगमधला माझा अनुभव

अमेरिकेतून इंग्लंडला आलेल्या ओळखीच्या घरांतून मला अलीकडे एकच प्रश्न वारंवार येतो: "गाडी एमओटीत नापास झाली, आता काय करायचं?" एमओटी म्हणजे ब्रिटनमधली गाड्यांची सक्तीची तपासणी. माझी गाडी २०२५ च्या फेब्रुवारीत स्टिअरिंगच्या दोषामुळे नापास झाली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात पास झाली. मधल्या काळात काय झालं, किती पैसे गेले, कुठे थांबावं लागलं आणि कुणाला काय विचारलं, ते सगळं क्रमाने लिहिते आहे. मेकॅनिकच्या कामाची मी जाणकार नाही. पण कागद नीट वाचायची सवय आहे आणि या सगळ्यात तीच उपयोगी पडली.

थोडी पार्श्वभूमी. आम्ही काही वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला राहिलो आणि २०२२ च्या सप्टेंबरमध्ये रेडिंगला आलो. न्यू जर्सीत खासगी मोटारींची दर दोन वर्षांनी धुराची तपासणी होते, पण ब्रेक, स्टिअरिंग वगैरेची सक्तीची तपासणी २०१० पासून बंद आहे. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात मात्र ती दरवर्षी करावी लागते. म्हणजे एकाच देशात नदी ओलांडली की नियम वेगळा. इथे ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी. आमची गाडी २०१५ ची, सेकंडहँड घेतलेली. घेण्याआधी सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून तिचा जुना एमओटी इतिहास पाहिला होता. तो कुणालाही फुकट पाहता येतो. कधी पास झाली, कधी नापास, कशामुळे आणि तेव्हा मीटर किती होता, हे सगळं त्यात असतं. इथे जुनी गाडी घेणाऱ्याने हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जानेवारीत आवाज सुरू झाला. डिसेंबरमध्ये आमच्या वस्तीतल्या रस्त्यावर पावसाने भरलेल्या एका खड्ड्यात पुढचं डावं चाक जोरात आदळलं होतं. त्यानंतर पार्किंगमधून हळू वळताना आणि गतिरोधकावरून उतरताना डावीकडून 'टक्' असा आवाज यायचा. पुढे पुढे सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग किंचित उजवीकडे वळवून धरावं लागायला लागलं. मी रोज ए-३३ या रस्त्याने बेसिंगस्टोकला कामाला जाते. त्या वेगात हाताखाली असं काहीतरी सैल वाटणं मला मुळीच सहन होत नव्हतं.

बाबा सांगलीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, आता निवृत्त आहेत. रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांना आवाज ऐकवायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "आवाजावरून काही कळत नाही गं, जॅक लाव." नवऱ्याने गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावला. बाबांनी मला चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून आडवं हलवायला सांगितलं. चाक हललं आणि 'टक्' झालं. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. तिथे काहीच हललं नाही. "बेअरिंग ठीक दिसतंय. आडवं खेळतंय म्हणजे टाय रॉड एंड गेला असणार. बाळा, हे पुढे ढकलू नकोस," बाबा म्हणाले. हा टाय रॉड एंड म्हणजे स्टिअरिंग रॅकमधून (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणाऱ्या मुख्य भागातून) येणाऱ्या दांड्याच्या टोकाचा गोळी-वाटीचा सांधा, आपल्या खांद्यासारखा. त्यावरचं रबरी टोपण फाटलं की आतलं ग्रीस निघून जातं, पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आत शिरतं आणि गोळी वाटीत सैल होते.

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या एका छोट्या गॅरेजमध्ये गेले. खरा फरक मला तिथे जाणवला.

एडिसनला गाडी नेली की काउंटरवर सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर भेटायचा. मेकॅनिक आत, तो आपल्याशी बोलायचा नाही. थोड्या वेळाने छापील कागद यायचा, लाल-पिवळ्या-हिरव्या खुणांचा, आणि लाल खुणेच्या कामाबद्दल अगदी ठासून सांगितलं जायचं की ही गाडी चालवणं धोक्याचं आहे. काम नको असेल तर 'ग्राहकाने नाकारलं' अशा ओळीखाली सही द्यायची. कधी कधी ते भीती घालणं वाटायचं, पण कुठे उभे आहोत ते कळायचं.

रेडिंगच्या गॅरेजमध्ये मालक स्वतःच मेकॅनिक. हात काळे, बोलणं अगदी मऊ. आधी हवेबद्दल बोलला. गाडी रॅम्पवर घेतली, चाक हलवून पाहिलं आणि म्हणाला, थोडं खेळतंय खरं, लवकरच करून घ्यावं लागेल. बस. आवाजात चिंता नाही, चेहऱ्यावर काही नाही. एडिसनच्या सवयीने ऐकलं असतं तर मी 'बरं, उन्हाळ्यात बघू' म्हणून घरी आले असते. पण बाबांचं बोलणं कानात होतं. मी सरळ विचारलं, "या गाडीतून तुमची मुलगी रोज मोटरवेवर जात असेल तर तुम्ही तिला जाऊ द्याल का?" तो थांबला आणि म्हणाला, "नाही. या आठवड्यात करून घेईन."

इथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हा प्रश्न विचारायला सांगते. इंग्रज माणूस ग्राहकाला घाबरवणं अशिष्ट समजतो, असं माझं गेल्या अडीच वर्षांतलं मत आहे. तो गंभीर गोष्ट हलक्या आवाजात सांगतो आणि गांभीर्य आपण ओळखावं, असं गृहीत धरतो. थेट प्रश्न विचारला की उत्तरही थेट आणि प्रामाणिक मिळतं. इंग्रजी आपल्याला लहानपणापासून येतं, त्यामुळे ही अडचण भाषेची वाटत नाही, आणि म्हणूनच ती पटकन लक्षात येत नाही.

गॅरेजवाल्यानेच दुसरी गोष्ट सुचवली. आमच्या एमओटीची मुदत १४ मार्चला संपत होती. मुदत संपण्याआधी एक महिना उणे एक दिवस एवढ्या अवधीत चाचणी केली तर पुढची तारीख बदलत नाही. म्हणजे १५ फेब्रुवारीपासून केलेल्या चाचणीला पुढच्या वर्षीचीही १४ मार्चच मिळते. त्याच्याकडे चाचणीचा परवाना नव्हता. "आधी चाचणी करा, म्हणजे आणखी काय आहे ते सगळं एकदम कळेल, मग मी एकदाच उघडतो," तो म्हणाला. त्याच्याकडेही तोवर रॅम्प रिकामा नव्हता. त्यामुळे मी गाडी घरीच उभी ठेवली आणि ट्रेनने बेसिंगस्टोकला जायला लागले. जवळच्या एका परवानाधारक केंद्रात १८ फेब्रुवारी, मंगळवारची वेळ घेतली. मोटारीच्या एमओटीची कमाल फी ५४.८५ पौंड आहे, तिच्यावर व्हॅट नसतो. बरीच केंद्रं त्याहून कमी घेतात. माझ्याकडून पूर्ण घेतली.

चाचणी पाहता येते, हे फार जणांना माहीत नसतं. प्रत्येक केंद्रात बघण्यासाठी जागा ठेवलेली असते. मध्ये बोलायचं नाही एवढीच अट. मी काचेमागे उभी राहिले. परीक्षकाने पुढची चाकं जमिनीतल्या दोन लोखंडी पाट्यांवर घेतली. त्या पाट्या यंत्राने आडव्या-उभ्या सरकतात. तो खाली उतरला, एका हातात बॅटरी, तिच्यावरच पाट्या हलवायचं बटण. प्रत्येक वेळी पाटी सरकली की तो त्याच डाव्या सांध्यावर प्रकाश धरून उभा राहायचा. मग त्याने सांध्याला हात लावला, रबराची फाटलेली कड बोटाने उचलून पाहिली आणि वर येऊन टॅबवर काहीतरी नोंदवलं. निकाल मला तिथेच कळला.

कागदावर दोन गोष्टी होत्या. 'मेजर' दोष: निअरसाइड पुढचा ट्रॅक रॉड एंड, बॉल जॉइंट प्रमाणाबाहेर झिजलेला. 'अ‍ॅडव्हायजरी': निअरसाइड पुढचं टायर आतल्या कडेला झिजलेलं. निअरसाइड म्हणजे फुटपाथकडची बाजू, इथे डावी. ऑफसाइड म्हणजे रस्त्याच्या मधली, उजवी. अमेरिकेतून आलेल्यांनी हे पाठ करून ठेवावं. आणि टाय रॉड एंडला इथे ट्रॅक रॉड एंड म्हणतात, सुटा भाग मागवताना हेच नाव सांगावं लागतं.

२०१८ च्या मेपासून दोषांचे तीन वर्ग आहेत: डेंजरस, मेजर आणि मायनर. पहिल्या दोन्हींत गाडी नापास होते. शिवाय अ‍ॅडव्हायजरी, म्हणजे नुसती लक्ष ठेवायची सूचना. सांधा निखळण्याच्या बेतात असता तर माझा दोष डेंजरसमध्ये गेला असता आणि गाडी तिथून चालवत बाहेर काढणं बेकायदा ठरलं असतं. दंड २,५०० पौंडांपर्यंत आणि लायसन्सवर दंडाचे तीन गुण. माझ्या कागदावर डेंजरस काही नव्हतं आणि जुन्या एमओटीची मुदत १४ मार्चपर्यंत शिल्लक होती, त्यामुळे गाडी बाहेर नेता आली. मुदत शिल्लक असतानाच चाचणी करण्याचा हाच मोठा फायदा. पण गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी तरीही मालकाचीच असते, आणि माझ्या विम्याच्या कागदांतही तीच अट आहे.

केंद्रातल्या माणसाने दुरुस्तीचा अंदाज तोंडी सांगितला: रॅकच झिजलेला दिसतोय, पूर्ण बदलावा लागेल, ७८० पौंड, वर व्हॅट. इथे दुकानातली किंमत व्हॅट धरूनच असते, पण गॅरेजवाले बरेचदा व्हॅट सोडून आकडा सांगतात. २० टक्के वर धरले तर ९३६ पौंड. मी त्याला शांतपणे विचारलं की निकालाच्या कागदावर रॅकचा उल्लेख कुठे आहे. तो म्हणाला, तसा नाही, पण करून घेतलेलं बरं. मी आभार मानले, हे सगळं लेखी मागितलं आणि निघाले. मला राग आला होता. स्टिअरिंगचं नाव घेतलं की माणूस घाबरतो आणि पैसे काढून देतो. शिवाय जो तपासतो त्यालाच दुरुस्तीचं काम मिळणार असेल, तर ग्राहकाला निर्धास्त वाटायचं कसं?

त्या रात्री भावंडांच्या ग्रुपवर लिहिलं. मावसभाऊ डब्लिनला आहे. तो म्हणाला, आयर्लंडमध्ये चार वर्षांवरच्या गाडीची एनसीटी नावाची तपासणी होते, आणि ती केंद्रं फक्त तपासतात, दुरुस्ती करतच नाहीत. त्यामुळे तिथल्या निकालाबद्दल त्याच्या मनात कधी शंका आली नाही. नणंद मेलबर्नला असते. व्हिक्टोरियात दरवर्षीची तपासणीच नाही. गाडी विकताना किंवा नावावर करताना रोडवर्दी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचं, प्रमाणपत्र लागतं. ते लोक आधी सिडनीत होते, तिथे न्यू साउथ वेल्सच्या नियमाने पाच वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी तपासणी करून पिंक स्लिप काढावी लागायची. तिच्या मते तिथला मेकॅनिक काय बिघडलंय ते पहिल्याच वाक्यात मोकळेपणी सांगतो, गोल गोल बोलत नाही. एडिसनच्या मैत्रिणीचा सल्ला होता, डीलरकडे ने आणि सगळं बदलून टाक. प्रत्येकाने आपापल्या देशाच्या रीतीप्रमाणे मनापासून सल्ला दिला. ते वाचताना मला पटलं की इंग्रजी बोलणारे देश एकसारखे धरून चालणं फसवं आहे. गाडी तीच, सांधा तोच; पण तो तपासायचा कुणी, सांगायचं कुणी आणि निर्णय कुणाचा, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरलेलं आहे.

मावसभावाच्या बोलण्यावरून शोध घेतला तेव्हा कळलं की इथेही काही कौन्सिलांची, म्हणजे स्थानिक पालिकांची, स्वतःच्या वाहनांसाठी एमओटी केंद्रं असतात, तिथे बाहेरच्यांनाही वेळ मिळते आणि दुरुस्तीचं काम त्यांच्याकडे नसतं. पुढच्या वर्षी मी तिथेच जाणार. निकालच चुकीचा वाटत असेल तर चाचणीपासून कामाच्या १४ दिवसांच्या आत डीव्हीएसए या एमओटीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे अपील करता येतं, मात्र तोवर तो दोष दुरुस्त करायचा नाही. माझा निकाल बरोबर होता, फक्त दुरुस्तीचा अंदाज फुगवलेला होता, त्यामुळे अपिलाचा प्रश्न आला नाही.

बुधवारी सकाळी छोट्या गॅरेजवाल्याकडे गाडी आणि कागद दोन्ही दिले. त्याने रॅकच्या दोन्ही टोकांची रबरी घडीची टोपणं सैल करून आत बघितलं. तेल-पाणी काही नाही, आतला सांधा घट्ट. "रॅक उत्तम आहे," तो म्हणाला. उजव्या बाजूचा एंडही त्याच वयाचा, म्हणून दोन्ही बदलायचं ठरलं. मी आकडा व्हॅटसकट लिहून मागितला. तो थोडा चकित झाला, पण पाठकोऱ्या कागदावर लिहून दिला. इथे छोट्या गॅरेजात बोलण्यावर व्यवहार चालतो आणि माझ्या अनुभवात तो पाळलाही जातो. तरी लिहून मागितलं म्हणून कुणाला राग आला नाही.

मग अडलं. शुक्रवारी आलेल्या भागाचे आटे वेगळे निघाले. त्याच वर्षात या मॉडेलचे दोन प्रकार होते आणि नुसत्या नंबरावरून चुकीचा भाग आला. नवा भाग पुढच्या आठवड्यात. इकडे पुनर्चाचणीची मुदत चालू होती: गाडी दुसरीकडे दुरुस्त करून कामाच्या दहा दिवसांच्या आत त्याच केंद्रात नेली, तर पूर्ण चाचणीऐवजी फक्त नापास झालेला भाग तपासतात आणि फी जास्तीत जास्त निम्मी. केंद्रातच दुरुस्ती केली असती तर तीही लागली नसती. माझी मुदत ४ मार्चला संपत होती. त्या आठवड्यात रोज ट्रेनने जाताना मी फोन हातातच धरून असायचे. तुम्ही भाग मागवताना गाडीचा सतरा अंकी-अक्षरी चॅसिस नंबर द्या, तो लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, असतो.

गुरुवारी, २७ तारखेला भाग आला. त्याने मला बघायला बोलावलं. आधी लॉकनट ढिला केला, मग खालचा नट काढून सांध्यात दुशाखी हत्यार घातलं आणि बोल्ट आवळत नेला. एकदम मोठा आवाज झाला आणि सांधा सुटला. जुना एंड फिरवून काढताना तो तोंडाने आटे मोजत होता, कारण नवा तितकेच आटे आत बसवला की चाकाचा कोन साधारण जागेवर राहतो. त्याने जुना भाग माझ्या हातात दिला. आतली गोळी बोटाने सहज डोलत होती आणि कडेला तपकिरी गंजाचं पाणी होतं. नव्या भागाची गोळी मला दोन्ही हातांनी जेमतेम हलवता आली. तो फरक हाताला कळल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही.

त्यानंतर ट्रॅकिंग, म्हणजे आपल्याकडचं अलाइनमेंट. हे केल्याशिवाय एंड बदलण्याला अर्थ नाही. चाकं वाकडी राहिली तर नवी टायरंही आतून झिजतात. काम संपल्यावर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मधोमध राहतं का, हे स्वतः चालवून पाहा. नसेल तर तिथल्या तिथे सांगा, परत करून देतात. मला त्याने न विचारताच शेजारी बसवून एक फेरी मारून आणली.

सोमवारी, ३ मार्चला पुनर्चाचणी. परीक्षकाने तोच सांधा पाहिला आणि पास केलं. रॅकचा विषय कुणी काढला नाही. नव्या प्रमाणपत्रावर तारीख १४ मार्च २०२६.

खर्च असा: चाचणी ५४.८५ आणि पुनर्चाचणी २७.४० पौंड. दोन ट्रॅक रॉड एंड ६८, मजुरी १०५, ट्रॅकिंग ५५, त्यावर व्हॅट ४५.६०, एकूण २७३.६०. पुढची दोन टायरं १४४. अ‍ॅडव्हायजरी असली तरी मी ती बदलणं लांबवलं नाही. सगळे मिळून ४९९.८५ पौंड, ट्रेनचं भाडं वेगळं. ९३६ पौंडांचा रॅक घेतला असता तर टायरं त्यावर आणखी लागलीच असती. पैसे देताना गॅरेजवाल्याला टीप द्यायची का, असं एका मैत्रिणीने विचारलं. इथे तशी पद्धत नाही. मी त्याला मनापासून धन्यवाद म्हटलं आणि ऑनलाइन चांगला अभिप्राय लिहिला. छोट्या गॅरेजला त्याचाच उपयोग होतो.

आता एकच गोष्ट बाकी आहे. ज्या खड्ड्यात चाक आदळलं, त्याबद्दल कौन्सिलकडे भरपाईचा दावा केला आहे. सोबत जागा, तारीख, पट्टी ठेवून काढलेला खड्ड्याचा फोटो आणि सगळी बिलं जोडली. रस्त्याची वाजवी तपासणी आणि देखभाल होत होती हे कौन्सिलने दाखवलं, तर १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टच्या कलम ५८ खाली दावा फेटाळला जाऊ शकतो. पण त्याच खड्ड्याची तक्रार शेजाऱ्यांनी नोव्हेंबरमध्येच नोंदवलेली होती आणि तिचा क्रमांक मी दाव्यात दिला आहे. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.